इंधनकराकडून मैलागणिक रस्ता-शुल्काकडे : अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा (१९१९ ते २०१५)

सारांश

मोटारीच्या इंधनावर कर बसवावयाचा आणि त्या उत्पन्नातून रस्ते बांधावयाचे, ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर रूढ झाली. अमेरिकेतील ओरेगॉन या राज्याने १९१९ मध्ये देशातील पहिला राज्यस्तरीय इंधनकर बसविला. त्याच राज्याने २०१५ मध्ये इंधनकराऐवजी धावलेल्या अंतरावर आधारित शुल्काची देशातील पहिली कायदेशीर योजना सुरू केली. या दोन घटनांमधील सुमारे शंभर वर्षांचा इतिहास प्रस्तुत लेखात तपासला आहे. इंधनकराच्या यशाचे कारण त्याच्या अचूकपणात शोधावयाचे की नागरिक व शासन यांच्यातील एका अलिखित करारात, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रस्तावना

रस्ता ही सार्वजनिक वस्तू आहे की वापरणाऱ्याने मोल देऊन घ्यावयाची सेवा आहे, हा सार्वजनिक आयव्ययाच्या अभ्यासातील जुना प्रश्न होय. रस्त्याचा लाभ सर्वांनाच होतो असे मानले, तर त्याचा खर्च सर्वसाधारण करांतून व्हावयास हवा. ज्याची वाहने रस्त्यावर धावतात त्यालाच मुख्य लाभ होतो असे मानले, तर खर्चाचा भार त्याच्यावर टाकणे न्याय्य ठरते. इंधनकराने या दुसऱ्या विचाराला व्यवहार्य रूप दिले. जो अधिक फिरेल तो अधिक इंधन जाळील आणि जो अधिक इंधन जाळील तो अधिक कर देईल, असे त्याचे साधे तर्कशास्त्र होते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी हे तर्कशास्त्र मोडले आहे. अशी मोटार रस्ता वापरते, मात्र पंपावर येत नाही. त्यामुळे इंधनकराच्या जागी मैलागणिक किंवा किलोमीटरगणिक शुल्क आकारावे, हा विचार अनेक देशांत पुढे आला आहे. त्याविषयीची बहुतेक चर्चा तंत्रज्ञान आणि महसूल या दोन मुद्द्यांभोवती फिरते. तथापि एखादा कर बदलताना शासन आणि नागरिक यांच्यातील जुने नातेही बदलत असते. त्या नात्याचा विचार इतिहासाच्या अंगाने होणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) इंधनकराचा उगम व प्रसार कोणत्या परिस्थितीत झाला हे पाहणे.
२) इंधनकराचा पाया कमकुवत होण्याची कारणे तपासणे.
३) ओरेगॉन राज्यातील अंतराधारित शुल्काच्या प्रयोगांचे क्रमवार विवेचन करणे.
४) या अनुभवातून भारतीय अभ्यासकांना काय घेता येईल याचा विचार करणे.

लेखाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

टर्नपाइक व्यवस्थेचा वारसा

रस्ता वापरणाऱ्याकडून थेट पैसा घेण्याची कल्पना इंधनकराहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६६३ च्या कायद्याने टर्नपाइक पद्धतीची सुरुवात झाली. रस्त्यावर फाटक उभारावयाचे, गाडी, घोडा व जनावरे यांच्या संख्येनुसार पथकर घ्यावयाचा आणि त्या पैशातून त्याच रस्त्याची देखभाल करावयाची, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकेतही अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा पथकराचा रस्ता याच धर्तीवर झाला.

या पद्धतीत 'वापरणाऱ्याने द्यावे' हे तत्त्व अगदी स्पष्ट होते. परंतु फाटक आणि तेथे बसलेला माणूस हेच तिचे दुबळेपण ठरले. वसुलीवर खर्च होई, प्रवास खोळंबे आणि देणाऱ्याला प्रत्येक वेळी आपण पैसे मोजत आहोत याची जाणीव होई. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकऱ्यांनी रात्री स्त्रीवेष धारण करून पथकराची फाटके तोडली. इतिहासात हा उठाव 'रेबेका दंगे' या नावाने प्रसिद्ध आहे. चुना व धान्य यांच्या वाहतुकीवर वारंवार पडणारा पथकर गरीब शेतकऱ्याला परवडत नव्हता, हे त्या असंतोषाचे एक प्रमुख कारण होते. पुढे रेल्वे आल्यावर टर्नपाइक संस्थांचे उत्पन्न घटले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या ब्रिटनमधून नाहीशा झाल्या.

मोटारगाडी आली तेव्हा रस्त्यांच्या खर्चाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. फाटकांचा अनुभव लोकांच्या स्मरणात ताजा होता. म्हणूनच फाटक न उभारता पथकर कसा घ्यावा, या प्रश्नाला इंधनकर हे उत्तर मिळाले.

ओरेगॉन, १९१९

ब्रिटनमध्ये १९०९ च्या अर्थसंकल्पात लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर गॅलनमागे ३ पेनी कर सुचवून त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी राखण्याची घोषणा केली होती. अमेरिकेत या दिशेने पहिले पाऊल पॅसिफिक किनाऱ्यावरील ओरेगॉन राज्याने टाकले. पाऊस विपुल, लाकडाचा व शेतीचा व्यापार मोठा आणि रस्ते मात्र चिखलाचे, अशी या राज्याची स्थिती होती. राज्याला चिखलातून बाहेर काढा, ही तेथील रस्ते चळवळीची लोकप्रिय घोषणा होती. राज्याने १९१३ मध्ये महामार्ग आयोग स्थापन केला होता. पक्क्या रस्त्यांसाठी कर्जरोखे काढावयाचे तर परतफेडीसाठी उत्पन्नाचे कायमचे साधन हवे होते. २५ फेब्रुवारी १९१९ रोजी संमत झालेल्या कायद्याने मोटारीच्या इंधनावर गॅलनमागे १ सेंट कर बसला आणि त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी राखून ठेवण्यात आले.

या कराची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले असे की, तो वाहनचालकाकडून थेट वसूल न करता इंधनाचा व्यापार करणाऱ्यांकडून घेतला गेला. लाखो चालकांपेक्षा मूठभर व्यापाऱ्यांचे हिशेब तपासणे सोपे असल्यामुळे वसुलीचा खर्च अत्यल्प राहिला. दुसरे असे की, चालकाने कोठून कोठे प्रवास केला, कशासाठी केला, हे विचारण्याचे शासनाला कारणच उरले नाही. इंधनाच्या किमतीतच कर मिसळलेला असल्यामुळे तो नजरेसही फारसा येत नव्हता. टर्नपाइकच्या फाटकाशी असलेला माणूस या व्यवस्थेत नाहीसा झाला.

त्याच वर्षी कोलोरॅडो, न्यू मेक्सिको व नॉर्थ डकोटा या राज्यांनी ओरेगॉनचे अनुकरण केले आणि १९२९ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत इंधनकर लागू झाला. इतक्या अल्पावधीत आणि इतक्या कमी विरोधाने सर्वत्र स्वीकारल्या गेलेल्या करांची उदाहरणे फारशी नाहीत. याचे श्रेय एका अलिखित कराराला द्यावे लागेल. त्या कराराची दोन कलमे होती : तुमचा पैसा रस्त्यालाच लागेल, आणि तुम्ही कोठे जाता हे आम्ही विचारणार नाही.

कराराचे पहिले कलम : राखीव निधी आणि जयकर समिती

यांपैकी पहिले कलम पाळणे शासनांना आरंभापासूनच जड गेले. ब्रिटनमध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी १९२६ मध्ये रस्ते निधीतील शिल्लक सर्वसाधारण तिजोरीकडे वळविली. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, केंद्र सरकारने गॅलनमागे १ सेंटचा स्वतःचा इंधनकर बसविला. तो अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी होता, रस्त्यांसाठी नव्हता.

याच काळात हा प्रश्न भारतातही उपस्थित झाला होता आणि त्याच्याशी महाराष्ट्रातील एका विद्वानाचे नाव निगडित आहे. १९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारने भारतीय रस्ते विकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुंबईचे विधिज्ञ मुकुंदराव रामराव जयकर हे होते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ते आपल्या सर्वांस परिचित आहेत. रस्त्यांचा विकास ही केवळ प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीतील बाब राहिलेली नाही, असा या समितीचा अभिप्राय होता. पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा आकारून ते उत्पन्न वेगळ्या निधीत ठेवावे, अशी शिफारस तिने १९२८ च्या अहवालात केली. त्यानुसार मार्च १९२९ मध्ये पेट्रोलवरील कर ४ आण्यांवरून ६ आणे झाला आणि केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. वर्षाअखेर खर्च न झालेली रक्कम तिजोरीत परत जाऊ नये, ही या योजनेतील महत्त्वाची तरतूद होती. निधीचा मोठा भाग प्रांतांना त्यांच्याकडील पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात मिळावयाचा होता. ज्यांच्याकडून पैसा आला त्यांच्याच रस्त्यांना तो लागावा, हे सूत्र येथे स्पष्टपणे दिसते.

अमेरिकेत हे सूत्र केंद्रीय पातळीवर १९५६ मध्ये मान्य झाले. आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत आंतरराज्य महामार्गांसाठी कायदा झाला, केंद्रीय इंधनकर ३ सेंटवर नेण्यात आला आणि महामार्ग विश्वस्त निधी निर्माण झाला. 'विश्वस्त' हा शब्दच करदात्याला दिलेल्या वचनाचा निदर्शक आहे.

अवजड वाहने आणि १९४७ चा वजन-मैल कर

इंधनकर अचूक नाही, याची जाणीव ओरेगॉनला फार लवकर झाली होती. अवजड मालमोटार हलक्या मोटारीपेक्षा अधिक इंधन जाळते हे खरे, परंतु ती रस्त्याचे नुकसान मात्र त्याहून कितीतरी पट अधिक करते. इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून, आसावरील भार वाढला की नुकसान सुमारे त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा निष्कर्ष निघाला. म्हणजेच भार दुप्पट झाला तर नुकसान सुमारे सोळापट होते. इंधनाचा खप मात्र सोळापट होत नाही.

या चाचणीच्या आधीच ओरेगॉनने १९४७ मध्ये अवजड वाहनांसाठी वजन-मैल कर लागू केला होता. वाहनाचे नोंदलेले वजन आणि राज्यात धावलेले मैल यांवरून तो ठरे व वाहतूकदार आपल्या नोंदींच्या आधारे तो भरत. यावरून मैलागणिक आकारणी ही एकविसाव्या शतकातील कल्पना नव्हे, हे स्पष्ट होते. तेथील मालमोटारींच्या बाबतीत ती कित्येक दशके चालत आली आहे.

मग खाजगी मोटारीच्या बाबतीत एवढा वाद का झाला? मालमोटारीचा प्रवास हा व्यवसायाचा भाग असतो. त्याची नोंद मालक स्वतःच्या हिशेबासाठीही ठेवतो. खाजगी मोटारीचा प्रवास हे मनुष्याचे खाजगी जीवन असते. तो कोणत्या दवाखान्यात गेला, कोणत्या प्रार्थनास्थळी गेला, कोणाच्या घरी किती वेळ थांबला, हे त्या प्रवासावरून कळते. मालमोटारीच्या मैलांची मोजणी निमूटपणे मान्य करणारा समाज खाजगी मोटारीच्या मैलांबाबत साशंक होतो, याचे कारण येथे सापडते.

इंधनकराचा ऱ्हास

इंधनकराचा पाया १९७३ च्या तेलसंकटापासून हलू लागला. १९७५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मोटारींच्या इंधन-कार्यक्षमतेचे निकष कायद्याने घालून दिले. मोटारी कमी इंधनात अधिक अंतर कापू लागल्या. देशाच्या दृष्टीने हे हितावह होते, परंतु प्रत्येक मैलामागे मिळणारा कर त्यामुळे घटला.

दुसरे कारण राजकीय होते. इंधनकर गॅलनवर ठराविक सेंटमध्ये आकारला जातो. त्यामुळे महागाई वाढली तरी तो आपोआप वाढत नाही आणि प्रत्येक वाढीसाठी कायदा करावा लागतो. केंद्रीय कर १९८३ मध्ये ९ सेंट, १९९० मध्ये १४.१ सेंट आणि १९९३ मध्ये १८.४ सेंट झाला. त्यानंतर तीन दशके लोटली तरी काँग्रेसने त्यात वाढ केली नाही. या काळात त्या १८.४ सेंटची क्रयशक्ती निम्म्याहून अधिक घटली. परिणामी २००८ मध्ये महामार्ग विश्वस्त निधी वाचविण्यासाठी सर्वसाधारण तिजोरीतून ८ अब्ज डॉलर वळवावे लागले आणि पुढेही असे वळतीकरण पुनःपुन्हा करावे लागले. वापरणाऱ्याने द्यावे, हे तत्त्व कागदावर राहिले आणि व्यवहारात सर्वच करदाते रस्त्यांचा खर्च उचलू लागले.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. तोपर्यंत विजेवरील मोटारी रस्त्यावर नगण्य होत्या. त्यांनी हा पेच निर्माण केला नाही, त्यांनी तो उघड केला. करवाढीचे धैर्य न दाखविण्याचा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही.

ओरेगॉनचे प्रयोग, २००१ ते २०१५

ओरेगॉनच्या विधिमंडळाने २००१ मध्ये रस्ता-वापर शुल्काचा विचार करण्यासाठी एक अभ्यासगट नेमला. इंधनकराचे उत्पन्न भविष्यात अपुरे पडणार, हे गृहीत धरून त्याला पर्याय शोधण्याचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. अनेक पर्याय तपासून या गटाने मैलागणिक शुल्काची चाचणी घेण्याचे ठरविले.

पहिली चाचणी पोर्टलंड शहरात २००६-०७ मध्ये सुमारे वर्षभर झाली. तीत २८५ वाहने आणि दोन पेट्रोल पंप सहभागी होते. मोटारीत बसविलेले यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने विभागवार मैल मोजी. मोटार पंपावर आली की यंत्रातील आकडा बिनतारी पद्धतीने पंपाकडे जाई, पावतीतून इंधनकर वजा होई आणि मैलामागे १.२ सेंट शुल्क लागे. काही चालकांसाठी गर्दीच्या वेळी गर्दीच्या भागात मैलामागे १० सेंट असा दरही ठेवून पाहिला गेला. तांत्रिक दृष्ट्या चाचणी यशस्वी झाली. तथापि शासनाने सांगितलेले, उपग्रहाशी जोडलेले यंत्र आपल्या गाडीत असणार, ही कल्पनाच लोकांना रुचली नाही. हे यंत्र प्रवासाचा मार्ग साठवत नव्हते, केवळ विभागवार मैलांची बेरीज ठेवत होते. तरीही या खुलाशाने संशय मिटला नाही.

हा संशय ओरेगॉनपुरता नव्हता. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेचे वाहतूक मंत्री रे लाहूड यांनी मैलागणिक कराचा विचार करता येईल असे सूचित करताच व्हाइट हाउसने ते धोरण नसल्याचे तात्काळ जाहीर केले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, संशयिताच्या मोटारीला पोलिसांनी उपग्रहाधारित यंत्र लावून तिच्या हालचालींवर पाळत ठेवणे म्हणजे राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या अर्थाने 'झडती' होय, असा निर्णय दिला. मोटारीचा प्रवास हा खाजगी जीवनाचा भाग आहे, ही लोकभावना निराधार नव्हती, असे या निर्णयावरून म्हणता येईल.

ओरेगॉनने आपली योजना सोडली नाही, मात्र तिची मांडणी बदलली. नोव्हेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळातील दुसऱ्या चाचणीत सुमारे ९० स्वयंसेवक होते आणि त्यांत विधिमंडळाचे काही सदस्यही होते. या वेळी एकच यंत्र लादण्याऐवजी चालकाला निवड देण्यात आली. उपग्रहाचा वापर न करता केवळ मैल मोजणारे यंत्र घ्यावे, स्थान ओळखणारे यंत्र घ्यावे किंवा मोजणीच नको असेल तर ठराविक रक्कम भरावी, असे पर्याय ठेवले गेले. हिशेबाचे काम शासनाऐवजी खाजगी कंपनीकडून करून घेण्याचीही मुभा होती.

या अनुभवानंतर २०१३ मध्ये विधेयक क्रमांक ८१० संमत झाले आणि १ जुलै २०१५ रोजी 'ओरेगो' नावाने योजना सुरू झाली. ती ऐच्छिक होती व तिच्यासाठी ५,००० वाहनांची मर्यादा ठेवली होती. दर मैलामागे १.५ सेंट होता आणि पंपावर भरलेला राज्याचा इंधनकर चालकाच्या खात्यात जमा धरला जाई. स्थान व प्रवासाची माहिती शुल्काचा हिशेब पूर्ण झाल्यावर ३० दिवसांच्या आत नष्ट करावी, अशी तरतूद कायद्यातच करण्यात आली. इंधनकराच्या करारातील जे दुसरे कलम १९१९ मध्ये लिहिण्याची गरजही भासली नव्हती, ते आता कायद्याच्या भाषेत लिहावे लागले, ही बाब या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे.

तरीही एक अडचण राहिली. उपग्रहाचा वापर न करणारे यंत्र घेतले, तर राज्याबाहेर किंवा खाजगी जमिनीवर धावलेले मैल वेगळे काढता येत नाहीत आणि सर्वच मैलांचे शुल्क द्यावे लागते. म्हणजे खाजगीपणा जपावयाचा तर त्याचे मोल द्यावे लागते. पहिल्या काही वर्षांत स्वयंसेवकांची संख्या ५,००० च्या मर्यादेच्या जवळपासही गेली नाही.

भाराचे वाटप

मैलागणिक शुल्क कोणाला जड जाते व कोणाला हलके, हे साध्या गणिताने दाखविता येते. २०१५ मध्ये ओरेगॉनचा इंधनकर गॅलनमागे ३० सेंट होता. एका गॅलनमध्ये २० मैल जाणारी मोटार वर्षात १२,००० मैल धावली, तर तिला ६०० गॅलन इंधन लागेल आणि १८० डॉलर कर पडेल. मैलामागे १.५ सेंट धरले तरी शुल्क १८० डॉलरच होते. मात्र गॅलनमध्ये १५ मैल जाणारी जुनी पिकअप गाडी इंधनकरापोटी २४० डॉलर देत असे, तिचे ६० डॉलर वाचतात. गॅलनमध्ये ५० मैल जाणारी मोटार ७२ डॉलर देत असे, तिला १०८ डॉलर अधिक द्यावे लागतात. विजेवरील मोटारीचा भार शून्यावरून १८० डॉलरवर जातो.

या गणिताचे दोन अर्थ लावता येतात. ग्रामीण भागात जुनी, अधिक इंधन खाणारी गाडी चालविणारा अल्प उत्पन्नाचा माणूस आजवर महागड्या नव्या मोटारीच्या मालकापेक्षा रस्त्यासाठी अधिक पैसा देत होता. मैलागणिक शुल्काने ही विषमता दूर होते. दुसऱ्या बाजूने, इंधन वाचविणाऱ्याला मिळणारे उत्तेजन कमी होते. पर्यावरणाच्या दृष्टीने ही हानीच होय. मात्र इंधनकर प्रदूषण रोखण्यासाठी बसविलाच गेला नव्हता, तो रस्त्यांसाठी होता. प्रदूषणाविरुद्धचे साधन ही भूमिका त्याला पुढे चिकटली. एकाच कराकडून दोन कामे घेण्याची सवय लागल्यावर ती कामे वेगळी करणे कठीण होते.

अन्य देशांतील घडामोडी

न्यूझीलंडने १९७७ च्या कायद्यान्वये डिझेलवर चालणाऱ्या व अवजड वाहनांसाठी अंतराधारित शुल्क सुरू केले. तेथे मालक पुढील काही हजार किलोमीटरांचा परवाना आगाऊ विकत घेतो आणि वाहनावरील अंतरमापकाशी तो पडताळला जातो. उपग्रहाची सक्ती नाही. त्यामुळे १ एप्रिल २०२४ पासून विजेवरील हलक्या मोटारींना दर १,००० किलोमीटरमागे ७६ न्यूझीलंड डॉलर शुल्क लावताना प्रचलित व्यवस्थाच पुरेशी ठरली.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा अनुभव वेगळा आहे. तेथे २०२१ मध्ये विजेवरील मोटारींवर किलोमीटरगणिक शुल्क लावण्यात आले. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ते रद्द केले. हे शुल्क म्हणजे वस्तूवरील अबकारी कर असून तो बसविण्याचा अधिकार घटनेनुसार केवळ केंद्राला आहे, असा निर्णय बहुमताने देण्यात आला. 'शुल्क' आणि 'कर' यांतील भेद किती निर्णायक ठरू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

भारतीय संदर्भ

भारतात जयकर समितीच्या सूत्राला केंद्रीय रस्ते निधी अधिनियम, २००० याने नवे कायदेशीर रूप मिळाले आणि पेट्रोल व डिझेलवरील उपकर त्या निधीशी जोडला गेला. २०१८ मध्ये या निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द जोडून रस्त्यांखेरीज अन्य पायाभूत कामांनाही त्यातून पैसा देण्याची सोय करण्यात आली. ती आवश्यक होती किंवा नाही हा वेगळा प्रश्न. परंतु रस्त्याचा पैसा रस्त्याला, हे १९२९ मधील वचन त्यामुळे सैल झाले, हे मान्य करावे लागेल.

दुसऱ्या कलमाचा प्रश्नही आता आपल्यासमोर आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत दुरुस्ती करून, उपग्रहाधारित यंत्राच्या साहाय्याने प्रत्यक्ष अंतरानुसार पथकर घेण्याची तरतूद करण्यात आली. ही योजना महामार्गांवरील पथकरापुरती आहे, इंधनकराची जागा घेणारी नाही. तथापि वाहनाच्या प्रवासाची नोंद कोणाकडे राहील, किती काळ राहील आणि तिचा अन्य कामासाठी उपयोग होईल काय, हे ओरेगॉनमध्ये विचारले गेलेले प्रश्न येथेही तितकेच लागू आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्वाळा दिला आहे. त्यामुळे या प्रश्नांना केवळ प्रशासकीय सोयीचे प्रश्न मानता येणार नाही.

निष्कर्ष

१) इंधनकर यशस्वी झाला तो केवळ न्याय्य होता म्हणून नव्हे. तो स्वस्तात वसूल होत होता आणि नागरिकाच्या प्रवासात डोकावत नव्हता, हे त्याच्या स्वीकाराचे मोठे कारण होते.
२) इंधनकराचा ऱ्हास विजेवरील मोटारींच्या आधीच सुरू झाला होता. महागाईनुसार कर न वाढविणे हे त्याचे एक मुख्य कारण होय.
३) मैल मोजण्याचे तंत्र ओरेगॉनला २००७ मध्येच साधले होते. कायदा होण्यास त्यापुढे सहा वर्षे व योजना सुरू होण्यास आठ वर्षे लागली. हा काळ मुख्यतः लोकांचा विश्वास मिळविण्यात गेला.
४) चालकाला निवडीचे स्वातंत्र्य आणि माहिती नष्ट करण्याची कायदेशीर हमी, या दोन गोष्टींमुळे योजना संमत होऊ शकली. तरीही स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांची संख्या अल्पच राहिली.
५) न्यूझीलंडच्या उदाहरणावरून अंतराधारित शुल्कासाठी उपग्रहाची पाळत अपरिहार्य नाही, हे सिद्ध होते.

समारोप

फाटकाशी उभा राहून पैसे घेणारा माणूस इंधनकराने रस्त्यावरून दूर केला होता. मैलागणिक शुल्काच्या रूपाने तो यंत्र होऊन गाडीच्या आत येऊ पाहत आहे. रस्ते हवे असतील तर त्यांचा खर्च कोणीतरी दिलाच पाहिजे, आणि जो रस्ता वापरतो त्याने तो देण्यात गैर काही नाही. प्रस्तुत लेखकास हे तत्त्व मान्य आहे. परंतु जुना कर सोडताना त्याच्याबरोबर असलेली जुनी मोकळीकही सुटणार असेल, तर तिची भरपाई नव्या कायद्यात स्पष्ट शब्दांत झाली पाहिजे. जयकर समितीने रस्त्याच्या पैशाला वेगळी पेटी मागितली होती. आजच्या काळात प्रवासाच्या माहितीलाही तशीच मर्यादा घालून द्यावी लागेल. ती योजना लागू होण्यापूर्वी घातली जाते की नंतर, यावर नव्या शुल्काचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.